नाल्यावर जेसीबी, धुऱ्यावर कोणीच नाही

मे महिना आला की आमच्या नागपूर जिल्ह्यात जलसंधारणाचा हंगाम सुरू होतो. नाल्यात जेसीबी उतरतो, नारळ फुटतो, पुढाऱ्यांचा फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतो. जुलैत नाला तुडुंब भरला की दुसरा फोटो येतो. तिसरा फोटो कोणी काढत नाही. तो दोन-तीन पावसाळ्यांनंतरचा असतो. त्यात नाला अर्धाअधिक बुजलेला दिसतो, आणि बुजवणारी माती आपल्याच वावरांतून, म्हणजे शेतांतून, आलेली असते.

राज्य सरकारचं जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालं. साडेनऊ हजार कोटींहून जास्त रक्कम खर्ची पडूनही भूजल पातळी वाढवण्यात त्याचा फारसा उपयोग झाला नाही, असा शेरा कॅगने २०२० साली मारला. त्यावरून व्हायचं तेवढं राजकारण झालं. काही गावांत विहिरींना खरोखर पाणी वाढलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘माथा ते पायथा’, म्हणजे पाणी वरून अडवत खाली यायचं, असं कागदावर लिहायचं आणि काम थेट पायथ्यापासून सुरू करायचं, ही खोड सरकार कोणाचंही असो, जात नाही. नाल्यात मशीन लावलं की घनमीटर मोजता येतात, बिल निघतं. वावरात पाणी अडवायचं तर दहा शेतमालकांची मनधरणी करावी लागते, आणि त्या दहांपैकी चार जण एकमेकांशी बोलत नसतात.

माझं म्हणणं असं की माती, पाणी आणि जंगलाबाहेरचं जनावर या तिघांचाही निकाल दोन वावरांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लागतो. सरकारने वेळोवेळी बांधबंदिस्ती करून दिली, पण धुरा सांभाळायला कधी पैसा दिला नाही. आणि आपण शेतमालकांनी तो दरवर्षी थोडाथोडा कोरत नांगराखाली घातला. आता पैसा ओतायचाच असेल तर तो नाल्याच्या तळात ओतण्याआधी धुऱ्यावर ओता, आणि एकदाच न देता दरवर्षी द्या.

आपली काळी माती कशी वागते ते आधी पाहू. उन्हाळ्यात ती भेगाळते. हात घातला तर कोपरापर्यंत आत जाईल अशा भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खाली उतरतो आणि शेतकऱ्याला वाटतं, जमीन किती पाणी पिते! पण ही चिकणमाती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात, आणि मग तिच्यात पाणी फार हळू मुरतं. जुलै-ऑगस्टमधला धो धो पाऊस वरच्यावर धावू लागतो. आपल्याकडे वर्षाला सरासरी हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बेताबेताने पडत नाही. डोळ्याला सपाट दिसणाऱ्या शंभर फुटांत दोन-तीन फूट उताराच्या वावरातूनही माती जाते, ती अशी.

हे जवळून पाहायचं असेल तर जुलैतल्या एखाद्या मोठ्या पावसानंतर वावराच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यावर जाऊन उभं राहा. धुरा तिथेच फुटलेला असतो. खांड पडलेली असते, हातभर रुंद. तिच्या काठाला सोयाबीनची झाडं मुळं उघडी पडून लोंबत असतात, तळाला पांढुरका मुरूम दिसू लागलेला असतो, आणि पलीकडे शेजाऱ्याच्या तुरीत चहाच्या रंगाचा गाळ पसरलेला असतो. त्या गाळात तुम्ही पंधरा दिवसांपूर्वी विकत आणून टाकलेलं खतही असतं. एका एकरावरची फक्त १ मिलिमीटर माती गेली तरी ४ घनमीटर होते, वजनात सुमारे पाच टन. १ मिलिमीटर गेल्याचं डोळ्याला कळत नाही, म्हणून कोणी बोंब मारत नाही.

धुरा गेला कसा, हे सांगताना सगळा दोष शेतकऱ्याच्या हावेवर ढकलण्याची पद्धत आहे. जमिनीचा भाव वाढला, हाव वाढली, हे खरं आहेच. पण त्याहून मोठं कारण मला बैल गेल्याचं वाटतं. घरी दोन बैल, एक गाय, दोन म्हशी होत्या तोवर धुऱ्यावरच्या गवताला गिऱ्हाईक होतं. संध्याकाळी विळा घेऊन बाई भारा कापून आणायची. धुरा म्हणजे घरचा फुकटचा चारा होता. जनावरं विकली, ट्रॅक्टर आला आणि त्याच गवताचं तण झालं. मग त्यावर तणनाशकाचा फवारा बसू लागला. ऑगस्टमध्ये काटोल किंवा सावनेर रोडने जाताना हिरव्यागार वावरांच्या मध्ये पिवळा करपलेला पट्टा दिसतो ना, तोच तो. मुळं मेली की माती सुटते, आणि सुटलेल्या मातीत पुढच्या वर्षी रोटाव्हेटर सहज घुसतो.

पूर्वेकडे, मौदा, रामटेक, भिवापूरच्या धानपट्ट्यात, चित्र वेगळं आहे. तिथे बांधीचा, म्हणजे धानाच्या खाचराचा, धुरा कोणी मोडत नाही. मोडला तर पाणी जाईल आणि पाणी गेलं तर धान जाईल, हे त्याच आठवड्यात डोळ्यांसमोर दिसतं. वर धुऱ्यावर तूर लावतात, ती घरच्या डाळीला होते. म्हणजे त्याच जिल्ह्यातला, त्याच स्वभावाचा शेतकरी फायदा दिसला की धुरा राखतो. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात फायदा आहे, पण तो पुढच्या पिढीच्या खात्यात जमा होतो आणि तोटा याच हंगामात सोसावा लागतो. अशा ठिकाणी प्रवचन देऊन काही होत नाही.

तोटा किती, त्याचा हिशेब मांडू. चौकोनी एकराची एक बाजू साधारण ६४ मीटर भरते. उताराला आडव्या असलेल्या दोन बाजूंना आपल्याकडचा एकेक मीटर सोडला तर १२८ चौरस मीटर, म्हणजे सव्वा गुंठ्याच्या आसपास जमीन पडीक राहते. एकरी ८ क्विंटल कापूस धरला तर २५ किलो कापूस गेला. २०२५-२६ चा मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आहे. त्या भावाने हे १,९०० रुपयांच्या घरात जातं, आणि त्यातून बियाणं, खत, फवारणी, वेचणी वजा करायचीच आहे. शेतमालकाला एकरी दोन हजार रुपये वर्षाला दिले तर त्याचं नुकसान पुरतं भरून निघतं.

आता दुसऱ्या बाजूला पाहा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावातला गाळ उचलून वावरात पसरवायला अल्पभूधारकाला घनमीटरमागे ३५.७५ रुपये, एकरी १५ हजारांच्या मर्यादेत, अनुदान मिळतं. योजना वाईट नाही. गाळाने हलक्या जमिनी सुधारतात. पण आपल्याच वावरातून गेलेली माती ट्रॉलीने परत आणायला एकरी १५ हजार, आणि ती जाऊ नये म्हणून शून्य, हा व्यवहार कोणत्या शहाण्याने मांडला?

यंत्रणा नाही, ही सबबही टिकत नाही. २०२१ पासून शेतकरी ई-पीक पाहणीत स्वतः वावरात उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो टाकतो. त्यातच धुऱ्याचे दोन फोटो, एक जूनचा, एक ऑक्टोबरचा, मागायचे. तलाठ्याने दहातले दोन प्रत्यक्ष पाहायचे. काही जण लबाडी करतील. नाला खोलीकरणाच्या घनमीटरात होते तेवढी मात्र नक्कीच होणार नाही.

इथे एक अडचण आहे, आणि ती धुऱ्याचे गोडवे गाणारे सहसा सांगत नाहीत. आपल्या वाटण्या उभ्या होतात. प्रत्येक भावाला वर पांदण आणि खाली नाला मिळाला पाहिजे, म्हणून वावराच्या लांबच लांब पट्ट्या पडतात, सगळ्या उताराच्या दिशेने. चाळीस-पन्नास फूट रुंदीच्या पट्टीत ट्रॅक्टर आडवा फिरणार कसा? तो उभाच चालतो, पेरणीही उभीच होते, आणि पेरणीची प्रत्येक ओळ म्हणजे पाणी खाली न्यायची नाली होते. अशा वेळी उभा धुरा राखून पाणी थांबत नाही, उलट त्याच्या कडेने जास्त जोरात धावतं. यावर उपाय एकच : लागून असलेल्या चार-पाच पट्टीवाल्यांनी मिळून उताराला आडव्या दोन-तीन गवताच्या पट्ट्या धरायच्या आणि निदान पेरणी आडवी करायची. समपातळीची रेघ काढायला इंजिनिअर लागत नाही. तीन बांबूंची एक चौकट, मधोमध दोरीला बांधलेला दगड, एवढ्याने काम होतं. लागतो तो भावाभावांमधला संवाद, आणि तो कृषी खात्याकडे मागून मिळत नाही. पण अनुदान एकट्याऐवजी गटाला दिलं, तर बोलणं सुरू व्हायला निमित्त मिळतं. पैशासाठी लोक रुसवे सोडतात, हे लग्नाच्या पंगतीत पाहिलेलं आहेच.

दुसरी गोष्ट दगडाची. नागपूर शहराच्या आसपास खडक बदलतो. पश्चिमेला काटोल, कळमेश्वर, हिंगणा इकडे दख्खनचा बेसाल्ट आहे. ईशान्येला रामटेक, पारशिवनीकडे त्याहून कितीतरी जुने रूपांतरित खडक आहेत. मातीची खोली, मुरण्याचा वेग, विहिरीला पाणी लागण्याची जागा, सगळंच वेगळं. तरी योजनेचा नकाशा एकच असतो. खोल काळ्या जमिनीत घातलेले समपातळी बांध देशात अनेक ठिकाणी फसले, कारण पाणी मुरेना, बांधाच्या वर साचून पीक पिवळं पडलं, आणि शेतकऱ्यांनी रात्रीतून बांध फोडले. त्यांना अडाणी ठरवलं गेलं. खरं तर अशा भारी जमिनीला थोडा ढाळ दिलेला बांध आणि जास्तीचं पाणी बाहेर काढणारा गवताळ सांडवा लागतो, हे शास्त्रज्ञांनाही नंतर मान्य करावं लागलं. संत्र्याच्या बागेत तर हे फार जपावं लागतं. मुळाशी पाणी थांबलं की डिंक्या रोग येतो, आणि दहा वर्षांची झाडं दोन वर्षांत सरपणाला जातात. देशाच्या मातीचं सर्वेक्षण करणाऱ्या ब्यूरोचं मुख्यालय आपल्या नागपुरात, अमरावती रोडवर आहे. वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कळमेश्वरच्या शेतकऱ्याला मात्र आपल्या गटातली माती किती खोल आहे, हे बोअरवाला सांगतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आणि बोअरचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटरच्या खाली जायला बंदी आहे. संत्रापट्ट्यात ही बंदी कोण पाळतो, हा प्रश्न चारचौघांत विचारू नये.

आता जनावरांकडे येऊ. इथे शेतकरी माझ्यावर उखडणार, हे ठाऊक आहे. ‘धुऱ्यावर झाडोरा ठेवायचा म्हणजे डुकरांना घर बांधून द्यायचं!’ राग रास्त आहे. उमरेड, कुही, भिवापूर, पारशिवनीकडे कित्येकांनी भुईमूग आणि ज्वारी लावणंच सोडलं ते रोही (नीलगाय) आणि डुकरांपायी. रात्र रात्र जागलीवर काढायची आणि पहाटे डोळा लागला की कळप हरभरा उलथून जातो. रानडुक्कर मारायची परवानगी कागदावर मिळू शकते; बंदूक कोणाकडे आहे? भरपाईच्या पंचनाम्याचा अनुभव ज्याला आहे त्याला तो वेगळा सांगायला नको.

पण डुक्कर दिवसा कुठे बसतं ते बघा. नाल्याकाठच्या रायमुनियाच्या जाळीत, वेड्या बाभळीच्या रानात, पडीक वावरात. मीटरभर गवताच्या धुऱ्यात कळप मावत नाही. त्या धुऱ्यात राहतात मुंगूस, धामण, तितर, लावा, ससा. जवळच्या बाभळीवर पिंगळा आणि कापशी. धामण आणि पिंगळा मिळून किती उंदीर खातात याचं बिल ते पाठवत नाहीत, म्हणून आपण उंदरांचं औषध आणायला दुकानात जातो. तुरीच्या फुलावर येणाऱ्या रानमाश्याही अशाच न नांगरलेल्या जमिनीत बिळं करतात. गवत कोणतं ठेवायचं याला मात्र अक्कल लागते. हरळी आणि कुंदा धुऱ्यावर वाढू दिला तर तो वावरात शिरणारच. म्हातारी माणसं धुरा खरडायची ती यासाठीच. ठोंब धरून जागच्या जागी वाढणारा वाळा किंवा पवना लावला तर हा ताप होत नाही. जनावरं अडवायला काटेरी सागरगोटा, घायपात, शेर लावून पाहावं. त्याने रोही बिचकतो, डुक्कर कमी होतं, थांबत नाही. ते थांबवतो असं कोणी सांगत असेल तर त्याची रोपवाटिका असणार.

डुकरासाठी म्हणून तारेत थेट लाइनची वीज सोडणं, हा या सगळ्याचा सर्वांत वाईट शेवट. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातला जय वाघ २०१६ साली बेपत्ता झाला तेव्हा देशभर बातम्या झाल्या. त्याचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडकडे शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने मेला. अशा तारांना वाघ मरतो तेव्हा बातमी होते. शेजारचा माणूस, सालदार, कधी घरचंच पोरगं चिकटतं तेव्हा आतल्या पानावर चार ओळी. झटका मशीन वेगळी. ती बॅटरीवर क्षणभराचा झटका देते, जनावर मागे हटतं, मरत नाही. व्याघ्र प्रकल्पांच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, आणि इतर काही ठरावीक गावांना जन-वन विकास योजनेत सौर कुंपणासाठी अनुदान मिळतं. पण जनावर बफरची हद्द पाळत नाही, म्हणून हे अनुदान जंगलालगतच्या प्रत्येक गावाला हवं. आणि वीजच द्यायची तर ती दिवसा द्या. शेतीपंपाला पाळीने रात्री वीज सोडायची आणि मग ओलीत करायला गेलेल्या माणसाची वाघाशी गाठ पडली की ‘मानव-वन्यजीव संघर्ष’ असं भारदस्त नाव द्यायचं, यात संघर्षाचा भाग थोडा आणि वेळापत्रकाचा जास्त.

पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर जनावरांसाठी नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून वाट करून दिली आहे. त्यातली सर्वांत लांब ७५० मीटरची. काम उत्तम झालं, वाघ-बिबटे तिथून जाताना कॅमेऱ्यात दिसतात. पण पेंच ते उमरेड-कऱ्हांडला ते ताडोबा, किंवा इकडे बोर व्याघ्र प्रकल्प, ही वाघांची सगळी वाट काही सरकारी जंगलातून जात नाही. मधे तुमची-आमची वावरं आहेत. गोंदियाचा सारस पक्षी तर जंगलात राहतच नाही, तो धानाच्या बांधीत घरटं करतो. त्याची संख्या घटते म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली स्वतःहून दखल घेतली, पण अंडी राखायची ती शेवटी बांधीच्या मालकाने. रस्त्याखालच्या वाटेला कोटींनी पैसा मिळतो, आणि पुढची वाट ज्याच्या सातबाऱ्यावर आहे त्याला पंचनाम्याची तारीख मिळते.

झाडांबाबत तर कायदाच उलटा आहे. १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, हळदू, ऐन, बिजा अशी झाडं आहेत. आपल्या धुऱ्यावर आपणच वाढवलेला मोहही परवानगीशिवाय तोडता येत नाही. हेतू चांगला होता. परिणाम असा की शहाणा शेतकरी धुऱ्यावर उगवलेलं मोहाचं रोप हातभर असतानाच उपटून टाकतो. पुढे कागद कोण रंगवणार? आणि लावायचंच झालं तर यादीबाहेरचं सुबाभूळ किंवा निलगिरी लावतो. ई-पीक पाहणीत बांधावरची झाडं नोंदवता येतात. अशी नोंद करून लावलेल्या झाडाला तोडणीची परवानगी आपोआप मिळावी, एवढी दुरुस्ती झाली तरी दहा वर्षांत धुऱ्यांचा चेहरा बदलेल. नव्या रोपांच्या जाहिरातींवर होणारा खर्चही वाचेल.

मोजणीचा प्रश्नही यातच येतो. ज्या दोन शेजाऱ्यांची हद्द कायम झालेली नाही त्यांच्यात धुरा टिकत नाही, कारण राखणारा हरतो आणि कोरणारा जिंकतो. संयुक्त मोजणी करून दगड रोवायला दोघेही तयार असतील तर ती फी सरकारने माफ करावी. भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीने मृदसंधारण होतं, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण तहसीलच्या आवारात बांध कोरल्याच्या तक्रारी घेऊन बसलेली माणसं पाहिली की पटतं.

शेवटी नागपुरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांचं. प्रतापनगर, मनीषनगर, त्रिमूर्तीनगरात फ्लॅट आणि गावी दहा-बारा एकर, असे कितीतरी जण आहेत. वावर पाडव्याच्या सुमारास एका वर्षाच्या मक्त्याने दिलं जातं, पैसे आगाऊ घेतले जातात, विषय संपतो. मक्तेदाराला पुढचं वर्ष मिळेल याची खात्री नसते. तो धुरा कशाला राखेल? तो शेवटच्या बोटभर जमिनीपर्यंत पेरणारच, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही पेरलं असतं. मक्ता तीन वर्षांचा करा. कागदावर एक ओळ घाला : आडव्या धुऱ्याला मीटरभर जागा सोडायची, तिथे नांगर आणि तणनाशक दोन्ही चालणार नाही. आणि त्या सव्वा गुंठ्याचे पैसे मक्त्यातून कापून द्या. दहा एकराला हे वर्षाला वीस हजारांच्या आत बसतं. सरकारची योजना यायची तेव्हा येईल, ही ओळ घालायला जीआर लागत नाही.